बोट, बोदलकसा आणि एक रिकामा दिवस

बोदलकसा कुठे आलं, असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या कुठल्याही आयटी कंपनीच्या कँटीनमध्ये विचारून बघा. दहातले नऊ जण खांदे उडवतील आणि दहावा नेमका तिरोड्याचा निघेल. म्हणून आधी पत्ता सांगून टाकतो. गोंदिया जिल्हा, तिरोडा तालुका, नागझिऱ्याच्या जंगलाजवळ टेकड्यांच्या मधोमध पाणी अडवून केलेला एक मोठा तलाव. समुद्रापासून याहून लांब जायचं म्हटलं तर महाराष्ट्राच्या नकाशावर फारशी जागाच उरत नाही. मुंबईत संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस पकडायची, रात्रभर झोपायचं, आणि दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर गोंदियाच्या बाजूला पोचायचं.

आणि आज लिहायचंय ते मात्र क्रूझबद्दल. हसू नका, कारण आहे :-)

या तलावाच्या काठी एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे. माणसं तिथे काय करायला येतात? काहीच न करायला. खुर्ची टाकायची, पाण्याकडे बघायचं, चहा प्यायचा, मग पुन्हा पाण्याकडे बघायचं. क्रूझवाल्यांकडे याला एक खास नाव आहे, 'सी डे'. ज्या दिवशी जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही, दिवसभर नुसतं चालत राहतं आणि प्रवाशाला कुठेही पोचायचं नसतं, तो सी डे. आठवडाभर डेडलाइनच्या मागे धावणाऱ्या आपल्यासारख्यांना हे म्हणजे स्वर्गच. पण पाण्यावर (किंवा पाण्याकाठी) काहीही न करता दिवस काढायचा आणि वर त्याचे पैसेही मोजायचे, ही कल्पना आली कुठून? आपल्या पणजोबांना कोणी असं सुचवलं असतं तर त्यांनी त्याला सरळ वेड्यात काढलं असतं.

याचा पुरावा मराठीतच आहे. आपल्याकडे बस लागते, घाट लागतो, आणि बोट 'लागते'. बोट लागणे म्हणजे ओकाऱ्या, गरगरणं, लिंबू हुंगत पडून राहणं. म्हणजे भाषेने समुद्रप्रवासाची जी आठवण जपून ठेवली ती ही! त्याच्या जोडीला आणखी एक भारदस्त शब्द होता, 'समुद्रोल्लंघन'. तो तर पापच. विलायतेहून परत आलेल्या माणसाने प्रायश्चित्त घ्यायचं की नाही यावर आपल्याकडे केवढे वाद झाले.

१८८८ च्या सप्टेंबरमधे अठरा वर्षांचा एक मुलगा मुंबईहून विलायतेच्या बोटीत चढला. परदेशी जातोय म्हणून त्याच्या जातीने त्याला आधीच वाळीत टाकलं होतं. बोटीवर बहुतेक सगळे इंग्रज. त्याला इंग्रजी बोलायची सवय नाही, काटे-चमचे धरता येत नाहीत, आणि कुठल्या पदार्थात मांस आहे ते विचारायची लाज वाटते. मग हा गडी केबिनमध्येच बसून घरून आणलेली मिठाई आणि फळं खात राहिला. मोहनदास गांधी त्याचं नाव. आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं अगदी मोकळेपणाने लिहिलंय. तीन आठवड्यांहून जास्त समुद्र, दुसरं काही काम नाही, म्हणजे आजच्या हिशेबाने वीसेक सी डे सलग! पण निवांतपणा? तो त्याच बोटीवरच्या दुसऱ्या लोकांसाठी होता.

ते दुसरे लोक काय करत होते? पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर साहेब-मेमसाहेबांसाठी डेकवर आरामखुर्च्या असायच्या. कड्या फेकायचे खेळ, जाळी लावून क्रिकेट, रात्री फॅन्सी ड्रेस आणि नाच. सुएझ कालवा १८६९ मधे सुरू झाला आणि हिंदुस्थान-इंग्लंड प्रवास आफ्रिकेला वळसा न घालता होऊ लागला. तरी दिवस भरपूर उरायचे आणि ते घालवण्याचं एक शास्त्रच तयार झालं. आजच्या क्रूझचं वेळापत्रक बघितलंत तर त्यातला बराच भाग या जुन्या बोटींवरून आलेला आहे. (जाता जाता: 'पॉश' हा शब्द पी अँड ओच्या सावलीतल्या केबिनांच्या तिकिटावरून आला, ही गोष्ट तुम्हीही फॉरवर्डमध्ये वाचली असेल. ऐकायला झकास आहे, पण असं एकही तिकीट आजवर कोणाला सापडलेलं नाही.)

आता त्याच बोटीचा खालचा मजला बघू. आपल्या भाषेत सांगायचं तर फ्रंटएंड पाहून झालं, आता बॅकएंड. पी अँड ओच्या बोटींवर कामाची वाटणी मुलखाप्रमाणे झालेली होती. डेकवरच्या खलाशांमध्ये रत्नागिरीकडची आणि गुजरातच्या किनाऱ्यावरची माणसं. खाली भट्टीपाशी पंजाबी आणि पठाण आगवाले. जेवणघरात आणि केबिनांमध्ये गोव्याचे स्टुअर्ड. त्यांचे हुद्देही आपल्याच भाषेतले, सारंग आणि तांडेल. सकाळी साहेब उठायच्या आत डेक धुऊन लखलखीत करणारा माणूस दापोली नाहीतर रत्नागिरीच्या बाजूचा असायचा. तांबड्या समुद्रातून जाताना वर लोक उकाड्याला वैतागून बर्फ मागायचे, आणि त्याच वेळी खाली आगवाला फावड्याने भट्टीत कोळसा टाकत असायचा. बोट एक, तारीख एक, पण दिवस दोन अगदी वेगळे. गोव्याच्या खलाशांसाठी मुंबईत धोबीतलावच्या परिसरात गावागावाचे 'कूड' होते. एका सफरीहून आल्यावर पुढची बोट मिळेपर्यंत तिथे ट्रंक ठेवायची आणि वाट बघायची. थोडक्यात, आपल्या शब्दांत, बेंचवर बसायचं.

पण या बोटी शेवटी टपालाच्या आणि प्रवासाच्या. लोक त्यात बसायचे ते कुठेतरी पोचायचं म्हणून. मधले दिवस नाइलाजाचे, ते बरे जावेत म्हणून खेळ आणि खुर्च्या. मग फक्त त्या मधल्या दिवसांसाठीच बोटीत बसायचं, हे कोणाच्या डोक्यात आलं?

१८४४ मधे पी अँड ओने भूमध्य समुद्राच्या सहली सुरू केल्या होत्या. पण ज्याने याचा नीट धंदा केला तो हॅम्बुर्गचा आल्बर्ट बालिन. त्याच्या कंपनीच्या मोठ्या बोटी जर्मनी ते न्यूयॉर्क चालायच्या. हिवाळ्यात अटलांटिक खवळलेला, प्रवासी कमी, आणि एवढाली जहाजं जवळजवळ रिकामी. आपल्याकडे रात्री रिकामे पडलेले सर्व्हर बघून जसा मॅनेजरचा जीव कासावीस होतो, तसं बालिनचं झालं असणार. जानेवारी १८९१ मधे त्याने 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' ही बोट २४१ प्रवासी घेऊन भूमध्य समुद्रात नुसती फिरायला पाठवली. ऐन थंडीत, श्रीमंत माणसं, उन्हाच्या दिशेने. लोकांनी आधी डोक्याला हात लावला, मग सहल यशस्वी झाली, आणि १९०० पर्यंत खास सहलीसाठी बांधलेलं जहाजही पाण्यात उतरलं.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढची सगळी कथा त्यावर उभी आहे. बोटीवरची सुट्टी ही बोटीच्या बेकारीतून जन्माला आली. ज्या दिवसात बोटीला काम नव्हतं, त्या दिवसात ती मौजेची झाली.

हाच प्रकार पुन्हा मोठ्या प्रमाणावर घडला. १९५८ मधे अटलांटिकवर जेट विमानं सुरू झाली. सहा-सात तासांत न्यूयॉर्क दिसत असेल तर पाच दिवस लाटा खात कोण जाणार? बघता बघता मोठमोठ्या प्रवासी बोटी बिनकामाच्या झाल्या. 'एम्प्रेस ऑफ कॅनडा' ही अशीच एक. ती विकत घेऊन 'मार्डी ग्रा' नावाने १९७२ मधे मायामीहून सहलीला काढली गेली. पहिल्याच सफरीत ती बंदराबाहेर वाळूत रुतली, पण त्यातूनच पुढे कार्निव्हल ही अवाढव्य क्रूझ कंपनी उभी राहिली.

*

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ, कारण खरी गोष्ट इथे आहे.

कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मधे. त्याआधी रस्ते घाटाघाटाचे, खाड्यांवर पूल नाहीत. चाकरमान्याला गावी जायला मोठा आधार बोटीचा. भाऊच्या धक्क्यावरून निघायचं आणि हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजी. शेवटपर्यंत जायचं तर जवळजवळ चोवीस तास. बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे. ती समुद्रात उभी राहायची, किनाऱ्यावरून पडाव यायचे, आणि लाटेवर पडाव वर आला की त्या क्षणी उडी. पोरं, म्हाताऱ्या, ट्रंका, कोंबड्या, सगळं तसंच हातोहात खाली.

हा आपला देशी सी डे. डेकवर वळकटी टाकून जागा धरायची, शेजारच्याशी आधी भांडायचं, मग त्याच्याच डब्यातलं खायचं. कोणाला बोट लागलेली, कोणी भजन धरलेलं. आज ज्यांना हे आठवतं ते गोडीने सांगतात, पण तेव्हा त्यांना कोणी विचारलं असतं तर सगळ्यांनी एकच उत्तर दिलं असतं: लवकर पोचू दे बाबा. आणि पावसाळ्यात तर बोट बंदच. जूनच्या सुमारास शेवटची बोट गेली की थेट नारळी पौर्णिमेनंतर. त्या मधल्या काळात मुंबईत नोकरी करणारा माणूस आणि त्याचं गाव यांच्यात कित्येक ठिकाणी फक्त टपालच उरायचं.

हे सगळं धोक्याचंही होतं. गांधी विलायतेला गेले त्यानंतर दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर १८८८ मधे, शेपर्ड कंपनीची 'वैतरणा' ही बोट कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला येताना सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणायचे. सातशेहून जास्त माणसं गेली. नंतरच्या चौकशीत निघालं की जीव वाचवायची साधनं पुरेशी नव्हती. म्हणजे दिवे विजेचे, पण लाइफबोटी अपुऱ्या!

नोव्हेंबर १९२७ मधे 'तुकाराम' आणि 'जयंती' या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७ ला 'रामदास'. गटारी अमावास्या तोंडावर आलेली, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायला सकाळी बोट भरून निघाली. रेवस म्हणजे काही लांब नाही, दीडेक तासाचा प्रवास. बंदराच्या तोंडाशी पावसाने गाठलं, एक मोठी लाट आली, लोक घाबरून एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. स्वातंत्र्य एकोणतीस दिवसांवर आलेलं होतं. मुंबई-अलिबागच्या बाजूला कित्येक घरांत १९४७ चं साल आजही दोन तारखांनी लक्षात ठेवलं जातं.

हे मुद्दाम एवढं सांगितलं, कारण आजच्या क्रूझवर चढलं की पहिल्या दिवशी एक ड्रिल असतं. भोंगा वाजतो, आपली जमण्याची जागा बघून घ्यायची, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. बहुतेक जण हे मोबाइलकडे बघत उरकतात. पण हा नियम कोणा कारकुनाच्या डोक्यातून आलेला नाही. 'टायटॅनिक' १९१२ मधे बुडाली, म्हणून १९१४ मधे जीवरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. इटलीजवळ 'कोस्टा काँकोर्डिया' जानेवारी २०१२ मधे कलंडली, ३२ जण गेले, त्यातल्या कित्येक प्रवाशांचं ड्रिल व्हायचंच होतं, म्हणून ते आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटता सुटताच घ्यावं लागतं. प्रोग्रॅमिंगमध्ये जशी एखादी विचित्र 'इफ' कंडिशन दिसली की समजायचं, मागे कधीतरी इथे सिस्टिम कोसळली होती, तसंच हे. तुम्ही डेकवर पाय पसरून निवांत पडता तो निवांतपणा अशा नियमांवर तोललेला असतो, आणि प्रत्येक नियमामागे माणसं असतात.

*

कोकणच्या बोटी हळूहळू थांबल्या. एसटी १९४८ मधे सुरू झाली आणि गावोगाव पोचत गेली, खाड्यांवर पूल झाले, मुंबई-गोवा हायवे झाला. जुनी बोटसेवा १९८० च्या दशकात मावळली. १९९० च्या दशकात दमानियाची वेगवान कॅटामरान काही वर्षं गोव्याला गेली. मग कोकण रेल्वे आली आणि विषय संपला. बोटीचं काम गेलं.

आणि काम गेलं की काय होतं ते आपण वर पाहिलंच. ऑक्टोबर २०१८ मधे त्याच मार्गावर, भाऊच्या धक्क्याच्या जवळूनच, 'आंग्रिया' सुटली. १०४ खोल्या, स्विमिंग पूल, रेस्टॉरंट. संध्याकाळी चारला निघून सकाळी गोव्यात. ज्या कान्होजी आंग्र्यांच्या आरमारामुळे ईस्ट इंडिया कंपनीच्या बोटींना या पाण्यात कधी निवांतपणा मिळाला नाही, त्यांचं नाव महाराष्ट्रातल्या सगळ्यात निवांत बोटीला! २०२० मधे कोव्हिड आला आणि ती सेवा बंद पडली. पुढच्याच वर्षी मुंबईहून 'कॉर्डेलिया'च्या सफरी सुरू झाल्या, गोवा आणि लक्षद्वीपच्या दिशेने. बॅलार्ड पिअरला नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल २०२५ मधे झालं. विमानाने गोवा तासाभरात, वंदे भारतने आठेक तासांत. तरी लोक समुद्रमार्गे जातात, कारण त्यांना उशीर हवा असतो. जो वेळ आपल्या आजोबांनी लवकर संपू दे म्हणून देवाला साकडं घातलं, तोच आपण पैसे देऊन विकत घेतो.

यात वाईट काही नाही. मीही संधी मिळाली तर जाईन. पण एक हिशेब डोक्यातून जात नाही. बोट सुखाची झाली तेव्हा ती गरजेची राहिली नव्हती, आणि गरज असलेली माणसं तोवर तिच्यावरून उतरली होती. डेकच्या स्वस्त तिकिटावर वळकटी टाकून जाणारा माणूस आता एसटीत किंवा रेल्वेच्या जनरल डब्यात आहे, गणपतीला उभ्याने चाललाय. आणि बंदरं? ज्या गावांना दिवसातून एकदा मुंबईची बोट दिसायची, त्यांच्या समोरून क्रूझ रात्री दिवे लावून निघून जाते. सी डे म्हणजे कुठेही न थांबणं, नाही का? खालच्या मजल्यावर मात्र फारसं बदललेलं नाही. जगभरच्या क्रूझ जहाजांवर आजही गोव्याचे आणि कोकणचे लोक महिनोन्‌महिने घरापासून लांब राहून काम करतात. आपला सी डे त्यांचा कामाचा दिवस असतो, आणि तोही जरा जास्तच कामाचा, कारण त्या दिवशी सगळे प्रवासी जहाजावरच असतात.

आता बोदलकसा. तिथे आपण सुरुवातीला खुर्ची टाकून बसलो होतो, आठवतंय ना?

हा तलावही मौजेसाठी झालेला नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी जुन्या मध्य प्रांताची दैना केली. त्यानंतर सरकारने सिंचनासाठी आयोग नेमला आणि धानाच्या या पट्ट्यात मोठे तलाव बांधायला घेतले. रामटेकचा १९१३ चा, बोदलकशाचा १९१७ चा, घोडाझरीचा १९२३ चा. तलाव ही कल्पना इथे मुळीच नवी नव्हती. कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून या भागात हजारोंनी तलाव बांधले होते. तलावाची पार, पाणी सोडायचं तुडुम, जास्तीचं पाणी काढून द्यायची सलंग, असे त्यांचे स्वतःचे शब्द आहेत. मालगुजारी १९५१ मधे गेली आणि हे तलाव सरकारी दप्तरात 'माजी मालगुजारी' झाले, लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. बोदलकसा त्याच विद्येच्या मुलखात सरकारने बांधलेला मोठा भाऊ.

आणि कोकणच्या बोटीत आणि या तलावात फरक इथे पडतो. बोटीचं काम गेल्यावर ती सुट्टीची झाली. या तलावाचं काम गेलेलं नाही. पावसाळ्यात तो भरतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसाने ऐन वेळी पाठ फिरवली तर खालच्या बांध्यांमधलं धान वाचवायला पाणी सोडावं लागतं. या जिल्ह्यातले ढिवर अशाच तलावांच्या मासळीवर जगत आलेत. डिसेंबरात रिसॉर्टच्या खुर्चीतून, दूरदेशच्या बदकांसकट, जे पाणी तुम्हाला दिसतं ते धानाला देऊन उरलेलं पाणी असतं. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी तुमचं दृश्य थोडं कमी. शंभर वर्षांहून जास्त हा क्रम चाललाय, आणि तसाच चालावा. उद्या कोणी म्हणालं की पर्यटकांसाठी तलाव कायम काठोकाठ ठेवा, तर आधी खालच्या शेतकऱ्याला विचारावं लागेल.

मला स्वतःला हा सौदा क्रूझपेक्षा बरा वाटतो. इथे पाण्याची गरज असलेला माणूस अजून पाण्यापाशीच आहे, आपल्याच शेजारी. आपण फक्त पाहुणे.

असो. क्रूझला जाणार असाल तर खुशाल जा, फक्त त्या ड्रिलला जांभया देऊ नका. बोदलकशाला जाणार असाल तर खुर्ची टाकण्याआधी एकदा पारीवर चालून या, जवळपास अर्धा किलोमीटरची मातीची भिंत आहे. आणि घरात कोणी कोकणातले आजी-आजोबा असतील तर या वीकेंडला त्यांच्याजवळ बसून बोटीचा विषय काढा. सुरुवात कशी करायची ते सांगतो. "आजी, तुला बोट लागायची का गं?" एवढंच विचारा. मग तासभर तरी तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.